परगावचा मुक्काम आणि जेवणाचा खर्च

आपल्या जिल्ह्यातला खेड्यातला माणूस हौसेखातर लॉजवर राहायला जातो, असे क्वचितच घडते. कोणी कोर्टाच्या तारखेसाठी नगरला येतो. कोणी लोणीच्या किंवा शिर्डीच्या दवाखान्यात घरचे माणूस दाखल करून बाहेर खोली घेतो. गुरुजींना प्रशिक्षणाचे बोलावणे येते, मुलीची परीक्षा असते, आणि वर्षातून एखादे वेळी साईबाबांच्या दर्शनाला सगळे कुटुंब निघते. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. पण बोलताना तोंडातून नगरच जाते. तेवढे वाचकांनी चालवून घ्यावे.)

कारण कोणतेही असो, गाठीचे पैसे मोजकेच असतात. गाडीभाडे ठरलेले. खोलीचे भाडे एकदा घासाघीस करून ठरले की त्यातला रुपया कमी होत नाही. औषधे आणि वकील यांच्या खर्चापर्यंत आपला हातच पोचत नाही. मग आपल्या हातात राहते काय? पोट! आणि काटकसर तिथूनच सुरू होते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव, आणि रात्री 'मला भूकच नाही'. नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी थाळी मागवायची आणि घरच्या बाईने त्यांच्या ताटातले उरलेसुरले खायचे, हे दृश्य दवाखान्यासमोरच्या कोणत्याही खाणावळीत तासभर बसले तर दिसेल.

मी याला काटकसर म्हणायला तयार नाही. बैठे काम करणाऱ्या बाईलासुद्धा दिवसाला साधारण १,६५० उष्मांक लागतात आणि तशाच पुरुषाला २,१००. चहा-बिस्किटे आणि एक वडापाव यांतून त्यांतले निम्मे भरणेही कठीण. रुग्णाच्या उशाशी दोन रात्री जागलेला माणूस तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला, तर त्याच्याच नावाचा केसपेपर काढायची वेळ येते. ज्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्याने गोळी घेऊन जेवण टाळणे तर थेट धोक्याचे. रक्तातली साखर एकदम खाली जाते. तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे : पोटभर जेवून खर्च कमी कसा करावा?

उत्तर आपल्या बोलीतल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'कोरड्यास'. घरात आपण सहज विचारतो, 'आज कोरड्यास काय केलंय?' भाकरी ही कोरडी; ती घशाखाली उतरायला जे ओले लागते, मग ती आमटी असो, पिठले असो की भाजी, ते कोरड्यास. आता या दोन भागांकडे प्रवासाच्या दृष्टीने पाहा. कोरडा भाग वजनाला हलका, पिशवीत मावणारा, सांडत नाही, लवकर विटत नाही. ओला भाग जड, सांडणारा, उन्हाळ्यात तर काही तासांत आंबणारा. म्हणून कोरडे घरचे न्यावे आणि ओले तिथे ताजे विकत घ्यावे. शहरातला माणूस दोन पोळ्यांवर उठतो. आपल्याकडचा कष्टकरी माणूस तीन भाकरींचा. हॉटेलातल्या पातळ पोळ्या त्याला सहा लागतात. थाळीत दोन-तीनच येतात, पुढच्या प्रत्येक पोळीचे पैसे वेगळे. बिल फुगते ते भाजीने नव्हे, वरच्या पोळ्यांनी. पोळी-भाकरी आपली असली की नेमकी तीच गळती बंद होते.

हिशेब करून पाहू. समजा, नवरा-बायको आणि दोन मुले तीन दिवस लॉजवर आहेत. थाळी १३० रुपये, नाश्ता माणशी ४०, चहा १५. सगळेच बाहेर खायचे तर दोन वेळच्या थाळ्यांचे १,०४०, नाश्त्याचे १६० आणि मोठ्यांच्या दोन-दोन चहांचे ६०, म्हणजे दिवसाला १,२६० रुपये. आता दुसरी रीत. दुपारी चौघांनी व्यवस्थित थाळी घ्यावी, ५२० रुपये. ते कमी करायचे नाहीत. दिवसातून एक जेवण पूर्ण, गरम आणि ताजे हवेच. रात्री खाणावळीतून भाजी आणि आमटी बांधून आणावी, समजा २०० रुपये, आणि ४० रुपयांचे दही, भाकरी आपली. सकाळी घरचे काही आणि वर दूध, केळी यांचे ६०. बेरीज ८२० रुपये. दिवसाला ४४० वाचले, तीन दिवसांचे १,३२०. पण घरचे म्हणजे फुकट नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ज्वारी, शेंगदाणे, गूळ यांचे ३०० रुपये धरले, तरी हजार रुपये शिल्लक राहतात आणि एकही जण उपाशी झोपत नाही. भाव गावागावांत वेगळे असतील. आपले आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा. शाळेत व्यवहारी गणित शिकवणाऱ्या गुरुजींना मुलांसाठी हे उदाहरण बरे पडेल.

शिदोरीत काय न्यावे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पहिला मान दशमीचा. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की दशमी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. पूर्वी ती प्रवासात चालण्यामागे सोवळ्याओवळ्याचाही विचार असे. तो विचार मागे पडला, पण दशमीची सोय तशीच आहे. मात्र गरम दशमी किंवा पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. वाफेचे पाणी होते आणि बुरशी धरते. पूर्ण गार होऊ द्यावी आणि धुतलेल्या सुती फडक्यात बांधावी. मुक्काम तिसऱ्या दिवसापर्यंत गेला तर सोलापूरकडे करतात तशी कडक भाकरी उपयोगी. पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेली ती भाकरी कोरडी ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. आमटीत कुस्करली की झाले.

जोडीला शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची किंवा ओल्या कांद्याची नको. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ही तर आपल्या मावळ्यांपासून चालत आलेली शिदोरी म्हणतात; इतिहासाचे इतिहासकार पाहतील, पण आहारशास्त्राने तिला पूर्ण गुण दिले आहेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे साडेपाचशे उष्मांक आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. फुटाणेही तसेच गुणाचे. बिस्किटाच्या पुड्यात निम्मा मैदा आणि साखर असते. त्याच पैशांत फुटाणे घेतले तर भूक दुपारपर्यंत दबते.

सकाळच्या नाश्त्यासाठी सातूचे पीठ विसरू नका. भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले हे पीठ आधीच भाजलेले असल्यामुळे शिजवावे लागत नाही. वाटीत दूध किंवा पाणी, थोडा गूळ आणि चार चमचे पीठ, एवढ्यावर मुलांची न्याहारी होते. पातळ पोहे दह्यात कालवले आणि वर मेतकूट भुरभुरले, तर खोलीतल्या खोलीत पाच मिनिटांत दहीपोहे तयार. दूध-दही मात्र घरून नेऊ नये. आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या कोणत्याही गावी सकाळी ताजे दूध मिळते. शिर्डीला जाणाऱ्यांनी राहात्याचा पेरू घ्यावा. त्या भागातल्या पेरूच्या बागा प्रसिद्धच आहेत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण शाळेच्या सहली याच कारणाने आजारी पडतात. पहाटे पाच वाजता केलेला भात किंवा खिचडी डब्यात भरून दुपारी दोनला खायची, हा सर्रास प्रकार आहे. भातात काही जंतूंचे बीजाणू असतात. ते शिजवण्याच्या उष्णतेतही मरत नाहीत. डबा कोमट राहिला की तेच बीजाणू पुन्हा वाढू लागतात आणि एक विष तयार करतात. ते विष नंतर भात कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही. मुलांना दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा की शिजवलेले ओले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ठेवायचेच तर कडक गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर, नाहीतर थंड, म्हणजे ५ अंशांच्या खाली. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात यातले काहीच जमत नाही. म्हणून सहलीच्या डब्यात दशमी, चटणी, लाडू, फुटाणे. भात जिथे पोचाल तिथे गरम घ्या. लॉजवर रात्री उरलेली आमटीसुद्धा सकाळसाठी झाकून ठेवू नका. वीस रुपयांची आमटी वाचवायला जाऊन दोनशेची औषधे घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता खोलीतला विस्तव. जुन्या धर्मशाळेत वाटसरू शिधा घेऊन येई, अंगणात तीन दगडांची चूल मांडी आणि दोन भाकरी थापून पुढे जाई. लॉजमध्ये चूल नाही. पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असे लिहिलेले असते, त्यातला बोर्डिंग हा शब्द जेवणाचा. पण पुष्कळ ठिकाणी जेवण बंद होऊन नुसती पाटी उरली आहे. आणि आपल्याकडे 'हॉटेल' म्हटले की चहा-भज्यांचे दुकान डोळ्यापुढे येते, खोलीचे नव्हे. ते काही असो, काही मंडळी गुपचूप छोटा गॅस किंवा रॉकेलचा स्टोव्ह खोलीत पेटवतात. हे करू नये. मालकाचा नियम मोडतो हे तर आहेच, पण मोठे कारण जिवाचे आहे. बंद खोलीत ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शिवाय गाद्या, पडदे, एकच दार. एका खिचडीसाठी एवढी जोखीम घेऊ नये. इस्त्री उलटी करून तिच्यावर पापड भाजणारे महाभागही असतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे!

विजेची छोटी किटली मात्र चालते, पण मॅनेजरला विचारून. तो 'बिल वाढते' म्हणाला, तर त्याला हिशेब सांगा. एक लिटर पाणी उकळायला विजेचा एक दशांश युनिट पुरतो. युनिटला अगदी १५ रुपये धरले, तरी दीड रुपया झाला. पाणी तापवण्यासाठी बादलीत सोडतात ती सळई मात्र नेऊ नका. बादलीत हात घालून शॉक बसल्याचे अपघात घडतात. किटलीच्या तळाला किती वॉट ते छापलेले असते. खोलीतला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्याची ताकद फार तर १,३००-१,४०० वॉट. हजार वॉटची किटली त्यावर निर्धास्त चालते. त्याहून मोठी लावली तर प्लग तापतो, वास येतो. किटलीत फक्त पाणी उकळावे. दूध उतू जाऊन खालचा भाग बिघडतो.

उकळते पाणी हाताशी आले की पुष्कळ काही होते. चहा झाला. शंका असेल तिथले पाणी उकळून पिता येते. घरी रवा खमंग भाजून त्यात फोडणी, मीठ, सुकवलेला कढीपत्ता मिसळून डबा भरून नेला, तर झाकणाच्या डब्यात त्यावर दुप्पट-अडीचपट उकळते पाणी ओतून सात-आठ मिनिटे झाकून ठेवायचे. उपमा तयार. बाजारात अशी पाकिटे मिळतात, पण घरी तेच फार स्वस्तात होते.

शिर्डीचा विषय वेगळा काढून सांगायला हवा, कारण तिथे दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाचा प्रश्न बऱ्याच अंशी संस्थानानेच सोडवला आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात भोजन विनामूल्य मिळते. २०२५ पासून त्यासाठी कूपनाची पद्धत सुरू झाली. असे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा कूपन कुठे मिळते ते खोली घेतानाच विचारून घ्यावे. या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करणारी यंत्रणा बसवली गेली. प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या. त्या सूर्याबरोबर वळतात, ऊन एका ठिकाणी गोळा करतात, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो लोकांचे अन्न शिजवता येते. विज्ञानाच्या शिक्षकांनी सहल नेली तर दर्शनाबरोबर याचीही माहिती मुलांना द्यावी. बाबा स्वतः भिक्षा मागून जगले आणि मोठी हंडी चढवून लोकांना वाढीत, असे त्यांच्या चरित्रात आहे. तेव्हा तिथल्या पंगतीला बसण्यात कोणी कमीपणा मानू नये. ज्याची ऐपत आहे त्याने जेवून दानपेटीत थाळीचे पैसे टाकावेत. ज्याची नाही त्याने निःसंकोच जेवावे.

नगरला किंवा तालुक्याच्या गावी प्रसादालय नाही. पण राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. त्या थाळीचे ठरलेले माप होते ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. ज्या एस.टी. स्टँडजवळ किंवा दवाखान्याजवळ असे केंद्र चालू असेल, तिथे दुपारी वेळेत पोचावे. माप पाहिलेत तर लक्षात येईल की आपल्याकडच्या माणसाला त्या दोन पोळ्या पुरणार नाहीत. इथेही घरची दशमी कामाला येते. शहरांत आता ठिकठिकाणी पोळी-भाजी केंद्रे निघाली आहेत, तीही पाहावीत. पुष्कळ ठिकाणी बायकांचे गट ती चालवतात आणि जेवण घरच्यासारखे असते.

बिलाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. साध्या उपाहारगृहात जेवणावर ५ टक्के जी.एस.टी. लागतो. ज्यांनी कंपोझिशन नावाची सवलतीची कररचना घेतली आहे, त्यांना गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही, आणि तशी पाटी त्यांनी लावायची असते. 'सर्व्हिस चार्ज' नावाची रक्कम बिलात आपोआप घालता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. पाण्याच्या बाटलीचे मात्र उलट आहे. दुकानात ती छापील किमतीलाच मिळाली पाहिजे. पण हॉटेलात टेबलावर बसून मागवली तर जास्त आकारता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. म्हणून स्वतःची बाटली भरून न्यावी आणि साधे पाणी मागावे. खोलीवर जेवण मागवण्याचा दर पुष्कळ ठिकाणी खालच्यापेक्षा चढा असतो, जिना उतरावा. आणि खोली ठरवतानाच 'नाश्ता धरून की सोडून?' हे विचारावे. नाश्ता धरलेला असून तो न खाता बाहेर पोहे खाणारे लोक मी पाहिले आहेत.

मुक्काम लांबला, आठ-दहा दिवस दवाखान्यात काढायचे झाले, तर शिदोरी संपते. तिथे आपल्या जिल्ह्याला जवळची असलेली एक सोय आठवावी. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे आणि नगर यांच्याच दरम्यान धावली. पुढे खेडोपाडी गाड्या पोचल्या आणि आईबापांनी त्यांचा एक उपयोग शोधून काढला : शहरात शिकणाऱ्या मुलांचे डबे सकाळच्या गाडीने पाठवायचे. आमच्या खोलीवर चौघांचे डबे असेच येत. स्टँडवर जाऊन ओळखीच्या वाहकाकडून डबा घ्यायचा आणि रिकामा संध्याकाळच्या गाडीने परत. त्या डब्यावर किती शिक्षक, तलाठी आणि डॉक्टर तयार झाले असतील! रुग्णाच्या नातेवाइकांनीही गावाकडून येणाऱ्या गाडीची वेळ विचारून पाहावी. सकाळी केलेली भाकरी आणि सुकी भाजी नऊ-दहापर्यंत हातात पडली तर उत्तमच. आमटी मात्र तिथलीच घ्यावी, आणि रुग्णाला काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

राहता राहिला तो संकोच. खाणावळीत आपल्या फडक्यातली भाकरी काढली की वाढपी नाक मुरडतो. काही ठिकाणी बाहेरचे अन्न आणायला मनाई असते. तिथे वाद घालू नये, भाजी बांधून घ्यावी आणि खोलीवर जावे. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, खाऊन झाल्यावर खरकटे पिशवीत बांधून बाहेरच्या कचरापेटीत टाकावे, म्हणजे खोलीत मुंग्या-झुरळे होत नाहीत आणि मॅनेजर पुढच्या खेपेलाही किटलीला हो म्हणतो. निघायच्या आदल्या रात्री शिदोरीत काय उरले ते पाहावे. परतीच्या गाडीत भूक लागतेच, आणि वाटेत गाडी थांबते तिथले भाव सगळ्यांत चढे असतात.